लिनक्सला मॅकचा मुखवटा कशाला?

लिनक्स टाकलं की आपले पोट्टे पहिल्या तासात काय करतात? त्याचं मॅक करतात. व्हाइटसर थीम, गोल कोपरे, डावीकडे लाल-पिवळी-हिरवी बटणं, खाली डॉक, मागे धूसर काच. मग स्क्रीनशॉट. मला याचा राग येतो. थीम लावणं हा रिकामटेकडा उद्योग आहे म्हणून नव्हे. ती फार कामाची गोष्ट आहे आणि आपण ती न परवडणाऱ्या मशीनची नक्कल करण्यात घालवतो, म्हणून.

यवतमाळात लिनक्स ज्या लॅपटॉपवर येतं तो बहुधा जुना असतो. मोठ्या भावाचा, नाहीतर सेकंडहँड घेतलेला. स्क्रीन १३६६ बाय ७६८. ग्नोमची वरची पट्टी, खिडकीचा जाड हेडरबार, टॅब, खालचा डॉक, यांतच दीडशे-दोनशे पिक्सेल उंची जाते. उरलेल्या फटीतून कोड वाचायचा. त्यापेक्षा एक्सएफसीई घ्या. बारीक शीर्षकपट्टीची थीम होममधल्या डॉट-थीम्स या लपलेल्या फोल्डरात उलगडा, ती ‘अपिअरन्स’ आणि ‘विंडो मॅनेजर’ अशा दोन्ही ठिकाणी निवडा, पॅनेल बाजूला उभं करा. दोन्ही ठिकाणी अशासाठी, की खिडकीच्या आतलं जीटीके रंगवतं आणि बाहेरची चौकट विंडो मॅनेजर. एकच बदललं तर नव्या शर्टावर जुनी पँट.

ग्नोमवाल्यांना हे असलं खुडबुडणं फारसं रुचत नाही. २०१९ मध्ये काही अ‍ॅप बनवणाऱ्यांनी जाहीर पत्र काढलं: आमच्या अ‍ॅपना थीम लावू नका. पत्र वितरणांना उद्देशून होतं, स्वतःच्या मशीनवर प्रयोग करणाऱ्यांना त्यात मोकळीक होती, हे मान्य. थीममुळे आयकॉन आणि रंग बिघडतात ही तक्रारही खरी. पण २०२१ च्या अखेरीस लिबअद्वैता आली, आणि तिच्यावर बांधलेली अ‍ॅप तुम्ही निवडलेली जीटीके थीम पाळतच नाहीत. सीएसएस फाइल हाताने बदलत बसा. नाव अद्वैत, म्हणजे दुसरं नाहीच. नावाला जागले! त्यांच्या ऐसपैस पट्ट्यांचं भाडं मात्र ७६८ पिक्सेलवाला भरतो.

डार्क थीमचंही तेच. मे महिन्याच्या दुपारी, कूलरसाठी खिडकी उघडी असताना, मंद स्क्रीनवर काळी पार्श्वभूमी म्हणजे आरसा. स्वतःचंच तोंड दिसतं. बॅटरी वाचते म्हणाल, तर ती ओलेडवर. एलसीडीत स्क्रीन काळी असली तरी मागचा दिवा जळतच असतो.

पण माझं खरं भांडण फॉन्टशी आहे. देखण्या थीमसोबत ‘इंटर’ लावा असा सल्ला हमखास मिळतो. इंटरमध्ये देवनागरी नाहीच. मराठी अक्षर आलं की फॉन्टकॉन्फिग कुठला तरी दुसरा फॉन्ट पुढे करतं, आणि तो तुम्ही निवडलेला नसतो. मग इंग्रजी ऐटीत, मराठी बारीक, वेलांट्या वरून छाटलेल्या. एक चाचणी करा. ‘आचार्यांना’ आणि ‘आचाऱ्यांना’ हे शब्द शेजारी-शेजारी टाइप करा. एक गुरू, दुसरा स्वयंपाकी. तुमच्या फॉन्टला हा फरक नीट दाखवता येत नसेल तर ती थीम तुमच्यासाठी बनलेलीच नाही. ल आणि श यांचंही वळण बघा. पाकळीचा ल आणि देठाचा श हे राज्य शासनाने २००९ मध्ये निर्णय काढून ठरवून दिलंय, तरी कित्येक फॉन्ट हिंदी वळणच आधी दाखवतात. रेड हॅटने पुढे आणलेला ‘लोहित’ किंवा मुंबईच्या एक टाइपचा ‘मुक्त’, दोन्ही फुकट आणि खुले आहेत. फॉन्टकॉन्फिगच्या फाइलीत चार-पाच ओळी लिहून मराठीसाठी हवा तो पुढे आणता येतो. डॉक सरळ करण्यात जाते त्यापेक्षा कमी मेहनत.

ते स्क्रीनशॉट मी अजूनही बघतो. काही खरंच सुंदर असतात. फोल्डरांची नावं मात्र सगळी इंग्रजीत.