कादंबऱ्या वाचून आम्हाला काय वाटलं



यंदाच्या पावसात आमच्या पाड्यावरच्या पोरापोरींनी चार कादंबऱ्या वाचून संपवल्या. आवणी उरकल्यावर रात्री कुणाच्या तरी ओटीवर जमायचं, कंदील मधे ठेवायचा, एकाने वाचायचं आणि बाकीच्यांनी ऐकायचं. आमच्यात बारावीपर्यंत गेलेले दोघं-तिघंच, बाकीच्यांची शाळा सातवी-आठवीत सुटली. म्हणून पुस्तकावर मत देण्याचा तुम्हाला काय अधिकार, असं कुणी विचारेल. पण पुस्तकं आपल्यासारख्या माणसांवर लिहिलेली आहेत. ज्याच्यावर लिहिलंय त्याने चार शब्द बोलले तर काय बिघडलं?

मीटिंगला एका जुन्या कार्यकर्त्या दादांनी आम्हाला टोकलं, "दाव्यांचे फॉर्म पडून आहेत आणि तुम्ही गोष्टी कसल्या वाचता?" दादांना उत्तर देतो, पण आधी पुस्तकांचं सांगू द्या.

पहिली वाचली गो. नी. दांडेकरांची ‘जैत रे जैत’. ठाकर लोकांची गोष्ट आहे. १९७७ साली तिच्यावर सिनेमाही निघाला. नाग्याचा डोळा राणीमाशीने फोडला, म्हणून तो लिंगोबाच्या डोंगरावरची पोळी काढायची जिद्द धरतो. मी काही पाप केलं नाही, तरी माझ्याच डोळ्याला का, हा त्याचा सवाल. ही गोष्ट सगळ्यांना आवडली, ऐकताना झोप कुणाला आली नाही. चिंधी पहिल्या नवऱ्याला सोडून आपल्या मनाने नाग्याकडे येते, ते आमच्या बायांना पटलं. पण शेवटी मरायचं तिनेच का, यावर त्या दुसऱ्या दिवशी निंदणीतही भांडत होत्या. आमचं मत असं, की गोष्ट गोड आहे, पण त्यातली झुंज माणसाची आणि माशीची आहे. आमची रोजची झुंज डोंगराशी नाही. डोंगर आपलाच आहे. झुंज आहे ती डोंगर आपला नाही म्हणणाऱ्याशी.

दुसरी ‘आरण्यक’, बंगाली लेखक विभूतिभूषण बंद्योपाध्याय यांची, १९३९ची. सत्यचरण नावाचा शिकलेला माणूस कलकत्त्याहून बिहारात एका इस्टेटीचा मॅनेजर होऊन येतो. काम काय, तर जंगलाची जमीन तुकडे करून कुळांना द्यायची आणि मालकाला पैसा मिळवून द्यायचा. तिथे राहता राहता त्याला जंगलाची माया लागते. तरी नोकरी नोकरीच. जंगल तुटतंच, आणि शेवटी तो मनातून माफी मागतो. मधेमधे चांदण्याचं, फुलांचं वर्णन फार लांब आहे. तिथे म्हातारे पेंगले, हे खरं सांगतो. पण संथाळांचा म्हातारा राजा दोबरू पन्ना आला तेव्हा सगळे जागे झाले. राजा, आणि स्वतः गुरं राखतो! त्याच्या घरातल्या भानुमतीला भारतवर्ष कुठे आहे ते ठाऊक नसतं. शहरात वाचणाऱ्याला तिथे हसू येत असेल. आम्हाला नाही आलं. जो देश तिच्या घराण्याचं राज्य गिळून बसला, त्याचं नाव तिला कुणी कशाला सांगेल? सत्यचरण वाईट माणूस नाही. साहेब चांगला असला तरी जमीन जाते, हे आम्ही या पुस्तकातून शिकलो.

तिसरी ‘परजा’. ओडिया लेखक गोपीनाथ महांती यांनी १९४५ साली लिहिली. आमचा कॉलेजात शिकणारा एक जण वाचायचा आणि आपल्या बोलीत सांगायचा. आमच्या मते चौघींत ही पहिल्या नंबरची. कोरापुटच्या डोंगरातला सुकरू जानी, त्याचे दोन पोरगे, दोन पोरी. जंगलाचा गार्ड पोरीवर नजर टाकतो, सुकरू नाही म्हणतो. मग झाडं तोडल्याचा गुन्हा अंगावर येतो आणि दंड बसतो. दंडाला पैसा नाही म्हणून सावकार. कर्जापायी बाप आणि धाकटा पोरगा त्याच्याकडे ‘गोती’ होऊन राबायला जातात. गोती म्हणजे आपल्याकडे होते ते लगनगडीच समजा, फक्त इथे कारण लग्नाऐवजी दंड. मग थोरला अडकतो, जमीन गहाण पडते, कोर्टातही हरतात. शेवटी थोरल्या मंडियाची कुऱ्हाड सावकारावर पडते आणि बापलेक आपल्या पायांनी पोलिसांकडे जातात.

ते संपलं तेव्हा कुणी बोलेना. मग एक आजा म्हणाला, "त्या गार्डाने दंडाची पावती दिली होती काय रे?" आम्ही हसलो, मग गप्प झालो. कारण आपल्याकडे पावतीचा दंड थोडा आणि बिनपावतीचा जास्त. कोंबडी गेली, भात गेलं, नोटा गेल्या, कागद काही राहिला नाही. आज जुनी पावती ज्याच्या पेटीत आहे त्याचा दावा उभा राहतो. ज्याने तोंड बंद ठेवून दिलं, त्याच्याकडे दाखवायला काही नाही.

चौथी ‘जंगल के दावेदार’, महाश्वेता देवींची. बंगालीतून हिंदीत आलेली. वापीला कंपनीत राहून हिंदी शिकलेल्या एका भावाने वाचली. बिरसा मुंडांची ही कथा. ९ जून १९०० रोजी रांचीच्या तुरुंगात ते गेले तेव्हा वय फक्त २४. आमच्यातले बरेच जण त्या वयाचे आहेत, म्हणून पुस्तक अंगावर आलं. माणसांची नावं फार, लक्षात राहत नाहीत. पण एक गोष्ट राहिली. मुंडांमध्ये ज्यांनी पहिल्यांदा जंगल साफ करून गाव वसवलं, त्यांचा त्या जमिनीवर सामाईक हक्क, त्याला खुंटकट्टी म्हणत. तो हक्क लोकांच्या तोंडी होता आणि जमीनदाराकडे कागद होता. बिरसा गेल्यावर आठ वर्षांनी, १९०८ साली, छोटा नागपूरचा कूळकायदा झाला.

आता दादांना उत्तर. दादा, जमीन एका दिवसात जात नाही. आज दंड, उद्या उधार, परवा अंगठा, अशी जाते. जगताना एक-एक दिवसच दिसतो, त्यामुळे प्रत्येक वेळी वाटतं, एवढ्याने काय होतंय? कादंबरीत सुकरूचा पहिला दिवस आणि शेवटचा दिवस पंधरा रात्रींत डोळ्यांसमोर येतो. हे आम्हाला फॉर्ममधून कळलं नसतं. म्हणून वाचलं, आणि पुढेही वाचणार.

पण आमचीही एक चूक झाली, ती लपवत नाही. ‘परजा’ चालू असताना पाड्यावरची सगळ्यांत म्हातारी आजी रोज यायची. सुकरू गोती झाला त्या रात्री ती आपणहून बोलायला लागली. लाल बावट्याच्या वेळी ती बकऱ्या चारायची. पुढे नवरा लगनगडी म्हणून राबला. कुणाची नागली कोणत्या नाल्यापर्यंत होती, कुठला मोह कुणाच्या बांधावर होता, कोणत्या शेतावरून कुणाला हाकललं, सगळं तिने घरागणिक सांगितलं. आम्ही गोष्टीसारखं ऐकलं. वही-पेन जवळ होतं, पण एका ओळीचंही कुणी टिपण केलं नाही. भादव्यात आजी गेली.

वनहक्क कायदा २००६चा. त्याच्या २००८च्या नियमांत नियम १३ बघा. दावेदार सोडून गावातल्या इतर वयस्क माणसांचं सांगणं लिहून घेतलं तर तो पुरावा धरतात. एकापेक्षा जास्त पुरावे लागतात, आणि पुष्कळ घरांकडे आजीच्या आठवणीशिवाय दुसरा पुरावा नव्हता. दुसऱ्याची कादंबरी वाचत बसलो आणि आपली वाहून जाऊ दिली. इथे दादांचं खरं ठरलं.

म्हणून सगळ्या पाड्यांना आमचं सांगणं. रात्री पुस्तक वाचा, जरूर वाचा. पण वाचणाऱ्याच्या शेजारी एक लिहिणारा बसवा. ऐकताना कुणी म्हातारं माणूस "आमच्या वेळी..." म्हणून बोलायला लागलं, की पुस्तक मिटा आणि वही उघडा. जसं बोलतील तसं, आपल्या बोलीत लिहा. मग त्यांना वाचून दाखवा, अंगठा किंवा सही घ्या आणि गावच्या वनहक्क समितीकडे द्या. पुस्तक कुठे पळत नाही. आजा-आजी थांबतील याचा भरोसा नाही.

पुढच्या पाड्याला हवी असतील तर चारही पुस्तकं आमच्याकडे आहेत. बाजाराच्या दिवशी या, घेऊन जा. येताना तुमची वही दाखवा.

जिंदाबाद!