लांबी कमी झाली, चित्रपट दुसराच झाला

सर्जिओ लिओनी या इटालियन दिग्दर्शकाचा ‘वन्स अपॉन अ टाइम इन अमेरिका’ मे १९८४ मध्ये कान महोत्सवात दाखवला गेला, तेव्हा तो २२९ मिनिटांचा होता. १ जूनला अमेरिकेतल्या चित्रपटगृहांत लागला तो १३९ मिनिटांचा. अमेरिकेतल्या वितरणाची सूत्रे ज्यांच्याकडे होती, त्या लॅड कंपनीने लिओनीचा विरोध डावलून दीड तास कापून टाकला. या प्रकरणाची चर्चा होते ती नेहमी याच दीड तासाची. माझ्या मते खरा अन्याय वेगळा होता. कापून उरलेल्या प्रसंगांचा क्रमही बदलण्यात आला आणि तिथे चित्रपटाचा अर्थच बदलला. वितरकाला चित्रपट लहान करायचा हक्क एक वेळ मान्य करता येईल. दिग्दर्शकाच्या नावावर दुसराच चित्रपट दाखवण्याचा हक्क मात्र त्याला असू शकत नाही.

हा चित्रपट किती विचाराने घडला होता, हे आधी पाहायला हवे. हॅरी ग्रे यांच्या ‘द हूड्स’ या कादंबरीचा लिओनीने दहा वर्षांहून अधिक काळ पाठपुरावा केला. न्यूयॉर्कच्या लोअर ईस्ट साइडमधली गरीब ज्यू मुले, दारूबंदीच्या काळात त्यांचे गुंड होणे आणि म्हातारपणी मागे वळून पाहणे, असा हा विस्तार आहे. चित्रीकरण न्यूयॉर्क, माँट्रियल आणि रोममध्ये झाले. समुद्रकाठच्या अमेरिकन हॉटेलासाठी पथक व्हेनिसला गेले. एन्निओ मोरिकोने यांचे बरेचसे संगीत चित्रीकरणाआधीच तयार होते आणि सेटवर ते वाजवले जाई. म्हणजे पात्रांच्या हालचालींची लय कॅमेरा सुरू होण्याआधीच ठरत होती. या मुलांपैकी छोटा पॅट्सी एका मुलीला खूश करायला मलईचा केक विकत घेतो, ती दार उघडेपर्यंत जिन्यावर बसतो, बोटाने थोडी मलई चाखतो, कागद पुन्हा नीट बांधतो, पुन्हा चाखतो आणि शेवटी सगळा केक स्वतःच खाऊन टाकतो. कथानक यातून इंचभरही पुढे सरकत नाही. पण हीच मुले पुढे माणसे मारणार आहेत, हे माहीत असलेल्या प्रेक्षकाला त्यांचे मूलपण कळते ते इथेच. अशा चित्रपटात संथपणा हा आळस नसतो, ती रचना असते.

त्याहून महत्त्वाची आहे ती काळाची गुंफण. कथा १९२०चे दशक, १९३३ आणि १९६८ या तीन काळांत पुढे-मागे जाते. सुरुवातीलाच अफूच्या अड्ड्यावर पडलेल्या नूडल्सच्या, म्हणजे चित्रपटाच्या नायकाच्या, डोक्यात एक टेलिफोन वाजू लागतो. पावसाळी रस्त्यावर मित्रांचे मृतदेह दिसतात, दारूबंदी संपल्याची मेजवानी दिसते, तरी घंटा थांबत नाही. ती थांबते एका पोलीस अधिकाऱ्याच्या टेबलावरचा रिसीव्हर उचलला जातो तेव्हा. नूडल्सने मित्रांची खबर दिली, हे एकाही स्पष्टीकरणाशिवाय आपल्याला समजते. पस्तीस वर्षे वाहिलेले ते ओझे खरोखर त्याचे होते का, हा प्रश्न पुढचे साडेतीन तास आपल्याला धरून ठेवतो. शेवटी आपण पुन्हा १९३३च्या अड्ड्यावर येतो आणि नूडल्सच्या हसऱ्या चेहऱ्यावर चित्रपट संपतो. १९६८चे सारे त्याने अफूच्या धुंदीत पाहिले असेल का, अशी शंका त्यामुळेच येते. अमेरिकन आवृत्तीत आधी बालपण, मग तारुण्य, मग वार्धक्य असा सरळ क्रम लावला गेला आणि शेवट १९६८मध्ये, पडद्याबाहेरून ऐकू येणाऱ्या गोळीच्या आवाजावर केला गेला. अंगरखा तोकडा करणे वेगळे आणि तो उसवून त्याचा सदरा शिवणे वेगळे. पश्चात्तापाची गोष्ट इथे नुसती टोळीची हकिगत झाली. रॉजर ईबर्ट या शिकागोच्या समीक्षकाने पूर्ण चित्रपटाला चार तारे दिले आणि या आवृत्तीला एक. छायाचित्रण तेच, नट तेच. फरक संकलनाचा होता.

यावर पहिला आक्षेप व्यवहाराचा. चित्रपटावर सुमारे ३ कोटी डॉलर खर्च झाले होते, लांब आवृत्तीच्या चाचणी खेळाला प्रतिसाद थंड होता आणि पावणेचार तासांच्या चित्रपटाचे दिवसाला खेळही कमी होतात. पैसा लावणाऱ्याची ही चिंता खोटी नव्हती. पण या उपायाने हाती काय लागले? अमेरिकेत जेमतेम ५३ लाख डॉलर. प्रेक्षकांना लांबी आणि काळाच्या उड्या पेलत नाहीत, हा तर्कही टिकत नाही. दहाच वर्षांपूर्वी, १९७४मध्ये ‘गॉडफादर’चा दुसरा भाग २०० मिनिटांचा होता, बाप आणि मुलगा यांच्या दोन काळांत फिरत होता, आणि त्याला सर्वोत्कृष्ट चित्रपटाचे ऑस्कर मिळाले. त्यातला तरुण बाप रंगवणारा रॉबर्ट डी निरोच इथे नूडल्स होता. पूर्ण आवृत्तीही कदाचित तोट्यात गेली असती. पण तो तोटा लिओनीच्या चित्रपटाचा असता. झाला तो भलत्याच चित्रपटाचा.

दुसरा आक्षेप असा की आता पूर्ण आवृत्ती मिळते, मग जुने उगाळायचे कशाला? २०१२मध्ये कानला २५१ मिनिटांची पुनर्स्थापित आवृत्ती दाखवली गेली, हे खरे. पण तिच्यात परत घातलेले प्रसंग फिकट आणि डागाळलेले दिसतात, कारण ते मूळ निगेटिव्हवरून घेता आले नाहीत. आणि लिओनी १९८९मध्येच गेला होता. या चित्रपटानंतर त्याने एकही चित्रपट दिग्दर्शित केला नाही. तिसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. या चित्रपटातले बलात्काराचे प्रसंग आणि एकूणच स्त्रियांचे चित्रण अस्वस्थ करणारे आहे. असा चित्रपट अखंड राखण्याचा आग्रह कशासाठी? त्या प्रसंगांवर कठोर टीका व्हायलाच हवी. पण नूडल्सच्या क्रौर्याकडे दिग्दर्शक कसा पाहतो, त्याला माफ करतो की दोषी ठरवतो, हे मूळ मांडणी समोर असल्याशिवाय ठरवता येत नाही. टीकेलाही मूळ पाठ लागतो.

म्हणून मागणी साधी आहे. वितरकाने लांबीची अट करारातच घालावी, चित्रपट पसंत नसेल तर घेऊ नये, कापायचा तर दिग्दर्शकाला बरोबर घेऊन कापावा. ते जमले नाही तर बदललेल्या आवृत्तीवर तसे ठळक लिहावे आणि कापलेली फिल्म जपून ठेवावी. प्रेक्षकानेही आपल्यापुरते एक करावे: हा चित्रपट लावण्याआधी त्याची लांबी तपासावी. २२९ किंवा २५१ मिनिटे असतील तर वेळ काढून बसावे. १३९ असतील, तर तो लिओनीचा चित्रपट नाही.