भट्टीविना बटण
पॉलिमर क्ले नावाला माती. खरं तर ते पीव्हीसी, म्हणजे प्लास्टिकच. म्हणूनच तिला कुंभाराची भट्टी नको, घरचा ओव्हन पुरतो: फिमो या ब्रँडच्या क्लेला 110 अंश सेल्सियस, अर्धा तास. लाटलेल्या पोळीतून पेनाच्या टोपणाने चकत्या काढायच्या आणि दाभणाने भोकं पाडायची, तीही भाजण्याआधी आणि जरा सैलच, नाहीतर दुहेरी दोऱ्याची सुई अडते. आच वाढली की क्ले करपते, धूर घशाला झोंबतो. ओव्हनच्या काट्यावर विसंबण्यापेक्षा आत वेगळा थर्मामीटर ठेवलेला बरा. हवेवर सुकणाऱ्या मातीची बटणं दिसतात गोड, पण धुण्यात पडली की मऊ होऊन तुटतात. ती राखीवर नाहीतर भेटकार्डावर शोभतात. कॉर्नफ्लोअर आणि फेव्हिकॉल मळून केलेल्या कोल्ड पोर्सिलेनच्या नाजूक फुलांचंही पाण्याशी वैरच.