मठातला मुक्काम

इटलीच्या आसिसी, सिएना, ओर्व्हिएतो अशा जुन्या शहरांत जाणाऱ्यांनी हॉटेल शोधण्याआधी एखाद्या मठात चौकशी करावी, असे मला वाटते. तिथल्या अनेक मठांत आणि ननांच्या कॉन्व्हेंटांत बाहेरच्यांसाठी खोल्या असतात. या भागाला ‘फोरेस्तेरिया’ म्हणतात. शब्दाच्या मुळाशी ‘परका’ हा अर्थ आहे. साधी खाट, भिंतीवर क्रूस, सकाळी पाव, जॅम, कॉफी. खर्च बहुधा हॉटेलपेक्षा कमी. मात्र रात्री दहा-अकराच्या सुमारास दार बंद होते आणि गोंगाट चालत नाही.

या नियमांवर कुरकुर करणारे पुष्कळ भेटतात. पैसे मोजल्यावर बंधन कसले, असा त्यांचा सवाल. मला तो पटत नाही. सहाव्या शतकात संत बेनेडिक्टने मठवासीयांसाठी नियम लिहिले. त्यांतले ५३ वे प्रकरण पाहुण्यांविषयी आहे. दारी आलेल्याला साक्षात ख्रिस्त मानावे, असे तो सांगतो. आपल्या ‘अतिथी देवो भव’ची आठवण व्हावी असेच हे. पुढे तो बजावतो की गरिबांची आणि यात्रेकरूंची काळजी अधिक घ्यावी. श्रीमंतांना मान त्यांच्या दराऱ्यामुळे आपसूक मिळतोच.

ही परंपरा सुखासुखी टिकलेली नाही. १८६६ च्या कायद्याने इटलीच्या सरकारने मठांची मालमत्ता ताब्यात घेतली. कित्येक इमारतींत बराकी आणि तुरुंग आले. काहींची हॉटेले झाली. ताओर्मिनातला डोमिनिकन मठ १८९६ पासून हॉटेल आहे आणि आज तिथे उतरणे श्रीमंतांनाच परवडते. भिंती वाचल्या, पण बेनेडिक्टने ज्याला आधी आत घ्यायला सांगितले, तोच बाहेर राहिला.

आपल्याला हे समजायला जड जाऊ नये. मंगेशीच्या किंवा कवळ्याच्या देवळाच्या अग्रशाळेत उतरणारा कुळावी तिथे गिऱ्हाईक म्हणून वागत नाही. देवळाच्या वेळा तो आपल्या वेळा मानतो. मठातही तसेच वागावे. केवळ स्वस्त म्हणून तिथे जाऊ नये. रात्री उशिरापर्यंत भटकायचे असेल तर हॉटेलच बरे. मठातल्या पाहुण्याने घरच्यांची शिस्त पाळली, तरच ते दार पुढच्या वाटसरूसाठी उघडे राहील.