खुर्द्याचा हिशेब

पानिपतच्या संहाराची बातमी पेशव्यांना एका सावकारी पत्रातून कळली, असे आपण शाळेपासून ऐकत आलो आहोत. दोन मोत्ये गळाली, सत्तावीस मोहरा गेल्या आणि रुपये-खुर्दा किती गेला त्याची गणतीच नाही, असा त्या पत्राचा आशय. मोत्ये म्हणजे भाऊसाहेब आणि विश्वासराव, हे सारेच जाणतात. खुर्दा कोण होता, हे मात्र कोणी विचारीत नाही.

अद्‌भुत कादंबऱ्या आणि विज्ञानकथा अनेकदा इथेच फसतात. लेखक लाखालाखांची सैन्ये उभी करतो, पानेच्या पाने रणकंदन चालते आणि वाचक जांभई देतो. ज्याची ओळखच नाही, त्याच्या मरणाने आपले काय जाते?

इंग्रज लेखक जे. आर. आर. टॉल्किन १९१६ साली सोमच्या रणभूमीवर लढला होता. १९१८ पर्यंत त्याच्या जिवलग मित्रांपैकी एकच उरला. १९३७ साली आलेल्या त्याच्या ‘द हॉबिट’च्या अखेरीस पाच सैन्यांची लढाई आहे. पण ऐन रणधुमाळीत बिल्बो या बुटक्या, घरकोंबड्या नायकाच्या डोक्यावर दगड आदळतो आणि तो बेशुद्ध पडतो. शुद्धीवर आल्यावर त्याला निकाल कळतो. मग तो मरणासन्न थॉरिनपाशी जातो आणि खजिन्यापायी तुटलेली मैत्री तिथे सांधली जाते. लढाई नसती, तर थॉरिनवर आपले कठोर शब्द मागे घ्यायची वेळ आली नसती. लढाईचे काम एवढेच, पण ते तिच्यावाचून होत नाही.

आपल्याकडे दिवंगत जयंत नारळीकरांनी ‘गंगाधरपंतांचे पानिपत’ या कथेत विश्वासरावांना गोळीतून वाचवून इतिहासच फिरवला. मात्र मराठे जिंकलेल्या त्या जगात पाठवले कोणाला? अध्यक्षपदाची सवय जडलेल्या एका प्राध्यापकाला! सभेतली रिकामी खुर्ची पाहून त्यांना राहवत नाही आणि ते श्रोत्यांचा रोष ओढवून घेतात. साम्राज्य बदलले, माणसाची खोड तीच राहिली. म्हणूनच ते जग आपल्याला खरे वाटते.

आज घरोघरी मुले खेळता खेळता पडद्यावर शेकडो सैनिक लोळवतात. खऱ्या युद्धांतील मृतांचे आकडेही त्यांना पडद्यावरच दिसतात. दोन्हींतला फरक निव्वळ उपदेशाने कळणार नाही. खुर्द्यातल्या एका नाण्याची ओळख करून देणारी गोष्ट त्यांच्या हाती पडावी. तशी गोष्ट वाचलेले मूल आकडा ऐकून निदान एवढे तरी विचारील, की यांत कोण कोण होते?