राजवाड्याचा संडास कोण साफ करतं?

दोस्तहो, मराठी अद्भुत कादंबरीतलं राज्य म्हणजे फार सोयीचं राज्य. राजा आहे, राजकन्या आहे, भुयार आहे, कपटी प्रधान आहे. हळब्यांची 'मुक्तामाला' आली १८६१ साली, रिसबुडांची 'मंजुघोषा' १८६८ साली. तेव्हापासून राजवाडे बांधणं चालूच आहे. मी आपला साधा सवाल टाकतो. त्या राजवाड्याचा संडास कोण साफ करतं? पागेतला घोडा मेला तर ओढून कोण नेतं? रात्री वेस बंद झाली की बाहेर कोण राहतं?

उत्तर सहसा सापडत नाही. वर आम्हालाच दटावतात, 'अहो, कल्पनेत जात कशाला आणता?' आम्ही कशाला आणू? ती आधीच गादीवर बसलीय. यांच्या गोष्टीत मेलेला माणूस मंत्राने उठतो, घोडा आभाळात उडतो. पण पुरोहिताचं पोरगं पखाल वाहतंय, एवढं लिहायची छाती होत नाही. असली कल्पनाशक्ती काय चाटायची?

समाज खरा वाटायचा तर नकाशा आणि वंशावळ पुरत नाही. आधी पाणी दाखवा. आपलंच शहर घ्या. हबशाणातून गुलाम म्हणून विकला गेलेला मलिक अंबर दख्खनेत आला, वजीर झाला, आणि १६१० साली त्याने इथं खडकी वसवली. जमिनीखालून नहर काढून शहराला पाणी दिलं. आता विचारा: नहर कुणी खोदली? गाळ कोण उपसतं? पाणी आधी कुणाच्या हौदात पडतं, शेवटी कुणाच्या? एवढं लिहिलं की अख्खं राज्य उभं राहतं. आणि पाण्याला कुणी शिवायचं नाही हे लिहिलं की त्या राज्याचा कायदा कळतो. १९२७ साली महाडला बाबासाहेबांनी ओंजळभर पाणी पिऊन तोच कायदा मोडला.

जोतिबांनी 'गुलामगिरी'त (१८७३) बळीचं राज्य मांडलं ते इतिहास म्हणून. पण राज्य कसं उभारावं याचा तो धडाच आहे. खंडाचा अधिकारी तो खंडोबा, महासुभा तो म्हसोबा. हुद्दे, कारभार, सगळं जागेवर. बांधावरचा शेंदरी दगड एकदम अंमलदार होऊन उभा राहतो!

रविदासांनी बेगमपुरा वसवला. मकबऱ्याजवळचा आपला मोहल्ला नव्हे, गम नसलेलं शहर. चामड्याचं काम करणारा हा माणूस सोन्याचे कळस मोजत बसला नाही. कर नाही, भीती नाही, दुसऱ्या-तिसऱ्या दर्जाचं कुणी नाही, फिरायला आडकाठी नाही, असं शहर त्याने सांगितलं. ज्याला अडवलं जातं त्यालाच शहराचे दरवाजे नीट माहीत असतात.

अमेरिकेतल्या अर्सुला ल ग्विनने १९७३ साली एका सुखी नगरीची गोष्ट लिहिली. नगरीचं सगळं सुख तळघरात कोंडलेल्या एका पोरावर उभं. बाईने तळघर उघडून दाखवलं. आपले लेखक अजून झुंबरं पुसतायत.

तेव्हा नागसेनवनातल्या पोरापोरींनो, अद्भुत लिहा. राक्षस लिहा, राक्षसाच्या बाजूने लिहा. फक्त पहिलं पान दरबारात नको. वेशीबाहेर सुरू करा. तिथून राजवाडा कसा दिसतो, ते आम्हाला वाचायचंय.