नफ्यात वाटेकरी, तोट्यात परकं सरकार

पैसाअडका : मुनीम

हिंगोलीच्या संत नामदेव मार्केट यार्डात हळदीच्या एखाद्या व्यापाऱ्याने एका मालात 80,000 कमावले आणि दुसऱ्यात तेवढेच घालवले, तर वर्षअखेरीस त्याच्या वहीत उरतं शून्य. शून्यावर कर नाही. एनसीडीईएक्स या शेतमालाच्या वायदेबाजारात हळदीचा वायदा करून तो बुडाला, तरी तो धंद्याचाच तोटा धरला जातो आणि वेळेत रिटर्न भरलं असेल तर पुढची आठ वर्षं धंद्याच्या नफ्यातून वळता करता येतो. आता त्याच्याच मुलाने मोबाइलवर बिटकॉइनमध्ये 80,000 कमावले आणि दुसऱ्या नाण्यात 80,000 घालवले असं धरा. घरात एक रुपया आला नाही, तरी कर लागतो 24,960 रुपये. 30 टक्के कर, त्यावर 4 टक्के उपकर.

हा नियम 1 फेब्रुवारी 2022 च्या अर्थसंकल्पात आला आणि 1 एप्रिल 2022 पासून लागू झाला. 1961 च्या आयकर कायद्याच्या 115बीबीएच कलमानुसार आभासी मालमत्तेच्या, म्हणजे क्रिप्टो नाण्यांच्या, नफ्यातून फक्त खरेदीची किंमत वजा होते. एक्स्चेंजचं कमिशन, नेटचा खर्च, सल्लागाराची फी यातलं काहीही नाही. एका नाण्याचा तोटा दुसऱ्या नाण्याच्या नफ्यातूनही वजा होत नाही, आणि पुढच्या वर्षी ओढता येत नाही. मूळ करमुक्त मर्यादा इथे चालत नाही. नव्या करप्रणालीत 12 लाखांपर्यंत कर नाही अशी जाहिरात झाली, ती सवलतही या उत्पन्नाला नाही. 1961 चा कायदा जाऊन 2025 चा नवा कायदा आला, त्यातही दर तोच आणि अटही तीच.

तीस टक्क्यांबद्दल माझी फारशी तक्रार नाही. लॉटरीच्या बक्षिसालाही तोच दर आहे, आणि सट्ट्यावर जास्त कर असावा हे कुणालाही पटेल. पण लॉटरीचं तिकीट वर्षातून दोनशे वेळा विकत घेऊन दोनशे वेळा विकत नाहीत. क्रिप्टोत नेमकं तेच चालतं. प्रत्येक सौद्याला वेगळा धरायचा, नफ्याचे सौदे उचलायचे आणि तोट्याचे ओळखही न दाखवता सोडून द्यायचे, ही वाटणी कुठल्या बटईत बसते? बटईदारसुद्धा पीक बुडालं की निम्मं बुडालेलं सोसतो.

दुसरा जाच टीडीएसचा. 1 जुलै 2022 पासून विक्रीच्या रकमेवर 1 टक्का कापला जातो, नफा असो वा नसो. आकडा लहान वाटतो, म्हणून हिशोब करून बघा. एक लाख रुपये घेऊन बसलेल्या मुलाने तेच पैसे वर्षात पन्नास वेळा फिरवले, भावात काहीच फरक पडला नाही असं धरलं, तरी त्याच्या हातात साधारण 60,500 उरतात. बाकीचे सरकारजमा. ते परत मिळतात किंवा करात वळते होतात, पण रिटर्न भरलं तरच.

आणि आपल्याकडे गाडी नेमकी तिथेच अडते. हिंगोली जिल्ह्यातली बहुतेक घरं शेतीवर. शेतीचं उत्पन्न करमुक्त. हळद शिजवून, वाळवून, पॉलिश करून विकली तरी ते शेतीचंच उत्पन्न. त्यामुळे वसमत, सेनगाव, कळमनुरीच्या कित्येक घरांत रिटर्न हा शब्द फक्त कर्जाच्या कागदपत्रांत ऐकलेला. “आपण शेतकरी, आपल्याला कसला आयकर” हे वाक्य हळदीपुरतं खरं आहे. मोबाइलवर विकलेल्या नाण्याला ते लागू नाही. एक्स्चेंजने कापलेला 1 टक्का पॅनवर नोंदला जातो, वार्षिक माहिती विवरणपत्रात दिसतो, आणि कुणी विचारायला आलं नाही याचा अर्थ कुणाला माहीत नाही असा होत नाही. 2025 मध्ये केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळाने क्रिप्टोचे सौदे करूनही रिटर्नमध्ये न दाखवणाऱ्या हजारो लोकांना ईमेल पाठवले. ईमेल उघडायची सवय नसलेल्या घरात ते तसेच पडून राहिले असतील, हा माझा अंदाज.

कडक नियमाने सट्टा थांबला का? थांबला नाही, नुसता रस्ता बदलला. भारतीय एक्स्चेंजवर कापाकापी होते म्हणून पोरं परदेशी ॲपवर गेली. डिसेंबर 2023 मध्ये केंद्राच्या वित्तीय गुप्तवार्ता विभागाने बायनान्ससह नऊ परदेशी कंपन्यांना नोटिसा दिल्या. पुढे बायनान्सने नोंदणी केली आणि तिला दंडही झाला. मग उरला पी-टू-पीचा मार्ग, म्हणजे यूएसडीटी हे डॉलरशी बांधलेलं नाणं थेट अनोळखी माणसाला विकायचं आणि पैसे आपल्या खात्यात घ्यायचे. इथे नियमाप्रमाणे टीडीएस कापायची जबाबदारी खरेदीदारावर येते, ती किती जण पाळतात ते सांगायला नको.

या मार्गातला धोका कराहूनही मोठा आहे. समोरच्याने पाठवलेले पैसे कुठल्या तरी सायबर फसवणुकीतले निघाले की तिसऱ्याच राज्यातल्या पोलिसांच्या पत्रावरून आपलं खातं गोठतं. मुलगा म्हणतो, मी तर नाणं विकलं. बँक म्हणते, तिकडच्या ठाण्याशी बोला. त्याच खात्यात हळदीची पट्टी जमा होणार असते, पीक विम्याचे पैसे यायचे असतात, पीएम किसानचे दोन हजार असतात. अडत्याला दुसरं खातं द्यायचं तर बाप विचारणारच, का रे? एरवी लपवलेला सौदा त्या दिवशी घरभर होतो.

चोरीची कथा तर आणखी वेगळी. 18 जुलै 2024 रोजी वझीरएक्स या भारतीय एक्स्चेंजवरून सुमारे 23 कोटी डॉलरची नाणी चोरीला गेली आणि ग्राहकांचे पैसे वर्षाहून जास्त काळ अडकले. गेलेलं नाणं विकलंच नाही, म्हणून कराच्या हिशोबात तो तोटासुद्धा नाही.

अर्थमंत्री निर्मला सीतारामन यांनी 2022 मध्येच राज्यसभेत स्पष्ट केलं होतं की कर लावला म्हणजे मान्यता दिली असं नाही. ठीक. पण मान्यता नाही, ग्राहकाला संरक्षण नाही, आणि वाटा मात्र पहिल्या दिवसापासून पक्का, ही भूमिका फार दिवस टिकणारी नाही. निदान आभासी मालमत्तेच्या आतल्या आत नफा-तोटा वळता करू द्या. टीडीएस फक्त माग काढण्यासाठी असेल, तर एक टक्क्याच्या शंभराव्या भागानेही माग निघतो.

तोवर ज्यांच्या घरात असा मोबाइल आहे त्यांच्यासाठी कामाच्या दोन गोष्टी. रिटर्न भरायला ‘सहज’ किंवा ‘सुगम’ फॉर्म चालत नाही. फॉर्म 2 किंवा 3 लागतो, आणि त्यातल्या व्हीडीए (आभासी मालमत्ता) परिशिष्टात खरेदीची तारीख, विक्रीची तारीख, खरेदीची किंमत आणि विक्रीची रक्कम लिहावी लागते. दुसरं, एक्स्चेंजचं वर्षभराचं विवरणपत्र आजच उतरवून घ्या. कॉइनेक्स हे भारतीय एक्स्चेंज 2019 मध्ये बंदच पडलं होतं, तसं पुन्हा झालं आणि खरेदीचा पुरावा नसेल तर खरेदीची किंमत वजा करून मागायला हातात काही राहत नाही.